जगातली एकमेव वेल

"पृथ्वीच्या पाठीवर ही वनस्पती आता फक्त एकाच ठिकाणी शिल्लक आहे," संग्रहपाल म्हणाले, "आणि ते ठिकाण म्हणजे आमच्या इमारतीचा जिना. जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या डाव्या हाताला."

संचालकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वनस्पती संग्रहालयाच्या प्रमुख या नात्याने त्यांनी दुर्मीळ झाडे डोंगरकड्यावर पाहिली होती, दलदलीत पाहिली होती, एकदा तर जुन्या तोफेच्या तोंडात पाहिली होती. मीटरच्या डाव्या हाताला मात्र ही पहिलीच.

"जिवंत आहे ना पण?"

"दौऱ्यावर निघालो तेव्हा ठणठणीत होती. आज संध्याकाळी घरी गेलो की आधी तिलाच बघणार."

"बघा. गुरुवारी चित्रकार येतोय. अख्खी वनस्पतीसूची छापून तयार आहे, आयव्हीचं एक पान तेवढं अडकलंय. वेल समोर ठेवून चित्र काढायचं, चित्राखाली जात, जातीखाली तुमचं नाव. गुरुवारी संध्याकाळी पान छापखान्यात. त्यापुढे मी थांबू शकत नाही."

"गुरुवारी सकाळी वेल तुमच्या टेबलावर असेल," संग्रहपालांनी सांगितले. ते जे सांगत ते असेच सांगत. पावसाबद्दलही ते अंदाज देत नसत, निकाल देत.

या निकालामागे एकतीस वर्षांची नोकरी होती आणि ती या महिन्याच्या अखेरीस संपणार होती. संग्रहालयाच्या बारा कपाटांत हजारो वाळलेली पाने जाड कागदांवर चिकटवून ठेवलेली होती आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात संग्रहपालांच्या मोत्यासारख्या अक्षरात चार ओळी होत्या: नाव, जात, कुठे उगवते, कोणी शोधली. चौथ्या ओळीत त्यांनी एकतीस वर्षे दुसऱ्यांची नावे लिहिली. त्यांतले काही जण वारले, काहींनी वनस्पतीशास्त्र सोडून कोंबड्या पाळल्या. एकाने तर पावसात आडोशाला उभे असताना कोटाला चिकटलेली काटेरी बी घरी नेली आणि तेवढ्या भांडवलावर तो शोधक झाला. संग्रहपालांचे नाव एकाही कागदावर नव्हते. घरी त्यांनी मिठाच्या बरणीवर चिठ्ठी लावली होती, 'मीठ. कोपऱ्यावरचे दुकान. शोधक: सौ.', पण ती काही छापली जाण्यासारखी नव्हती.

आणि मग गेल्या वर्षी एका रविवारी ते शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीवर फिरायला गेले. खाणीच्या वरच्या कडेने एक रस्ता जात असे. कठड्यावरून वाकून त्यांनी खाली हात घातला आणि हातात एक डहाळी आली. खोड आयव्हीचे, वास आयव्हीचा. पण पान बघतात तर काय! रानटी आयव्हीचे पान कसे असते हे भिंतींना माहीत असते: पाच कोपऱ्यांचे, सावलीत भिंतीला पाल चिकटावी तसे चिकटलेले. सात नंबरच्या कपाटात तसल्या पानांचे एकशेचाळीस कागद होते. या पानाला मात्र एकही कोपरा नव्हता. अंड्यासारखे गोलसर, टोकाशी निमुळते, चकचकीत. आणि डहाळीच्या शेंड्याला हिरवट पिवळ्या फुलांचा चेंडू.

"एकशेचाळीस कागद खोटं बोलणार नाहीत," संग्रहपाल तिथल्या तिथे म्हणाले. "ही जात वेगळी." ऐकायला फक्त एक शेळी होती आणि तिने हरकत घेतली नाही.

दोन महिन्यांनी खाणीची ती कडच ढासळली. रस्ता गेला, कठडा गेला, वेलही गेली. उरली ती संग्रहपालांनी कुंडीत लावलेली डहाळी. ती घराच्या खिडकीत उन्हात चांगली वाढली. पुढे त्यांना पावणेतीन महिन्यांच्या तपासणी दौऱ्याचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी तीन समित्यांना नमुने पाठवण्यासाठी तिची झाडून सगळी पाने तोडली, खोड वीतभर ठेवले, आणि कुंडी खिडकीतून उचलून जिन्याखालच्या अंधारात नेली.

"खिडकीत एखाद्या शास्त्रज्ञाची नजर पडेल," त्यांनी बायकोला समजावले होते. "जिन्याखाली शास्त्रज्ञ येत नाहीत. मीटर बघणारा येतो फक्त."

तर त्या सोमवारी संध्याकाळी संग्रहपाल घरी आले, चपला न काढता जिन्याखाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अगं!" थोड्या वेळाने जिन्याखालून आवाज आला. "ही कोण?"

बायको शिवणकाम करीत असे. तोंडातल्या टाचण्या काढून ती बाहेर आली. "कोण म्हणजे? तुमचीच वेल. बघा कशी तरारलीय."

"ही माझी नाही. हिला पाच कोपरे आहेत."

"आल्या आल्या सुरू करू नका हं. रोज पाणी घातलंय. एक दिवस मी, एक दिवस आई."

सासूबाई ऐंशीच्या होत्या आणि त्यांना भिंगाशिवाय सुईत दोरा ओवता येत होता. त्या भिंतीला धरत आल्या आणि त्यांनी कुंडीची पाहणी केली. "जावईबापू, कुंडी तीच आहे. कडेचा टवका तोच आहे. मातीत तुमची चिठ्ठी खोचलीय तीसुद्धा तीच."

"चोर हुशार आहे, आई. कुंडी ठेवली, चिठ्ठी ठेवली आणि वेल तेवढी बदलली."

"चोरानं कुठली का असेना, वेलच लावली ना परत? मग चोरी कशाला म्हणायचं?"

"ही भिंतीवरची भटकी आयव्ही आहे! अशी एकशेचाळीस आहेत माझ्याकडे!"

"मग एकशेएक्केचाळीस झाल्या," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रात्रीच्या जेवणापर्यंत संग्रहपालांचा तपास पुरा झाला होता. विज्ञानाला शत्रू असतात हे त्यांना माहीत होते. प्रश्न फक्त कोणता, एवढाच होता. मीटर बघणारा महिन्यातून एकदा जिन्याखाली शिरतो, म्हणून तो संशयित क्रमांक एक. दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसतात आणि भिंग लावणारा माणूस पानाकडे बघितल्याशिवाय राहत नाही, म्हणून ते क्रमांक दोन. चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई जिना चढताना मध्येच थांबतात, म्हणून त्या तीन.

"त्या दम लागतो म्हणून थांबतात," बायको म्हणाली.

"गाणाऱ्या माणसाला दम लागतो? बघ, तूच विचार कर."

क्रमांक चार आणि पाच यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. पण त्या दोघी जेवायला समोरच बसल्या होत्या आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढायचे नाकारले.

त्यानंतर इमारतीच्या दाराशी एक सूचना लागली. ती अशी होती:

'जिन्याखालील कुंडीतून एक वेल बदलण्यात आली आहे. वेल विज्ञानाच्या मालकीची आहे. पान अखंड, अंडाकृती, चकचकीत. सोबत आकृती पाहावी. ज्या कोणी नेली असेल त्याने ती तळमजल्यावर आणून ठेवावी. कोणतेही प्रश्न विचारले जाणार नाहीत. वरील वनस्पती जगात अन्यत्र कोठेही आढळत नसल्याने ती लपवणे व्यर्थ आहे.'

आकृती सुरेख होती. तिनेच घात केला.

मंगळवारी सकाळी दाराबाहेर एक ताक प्यायचा पेला सापडला. पेल्यात पाणी आणि पाण्यात एक डहाळी होती: पान अखंड, अंडाकृती, चकचकीत. संग्रहपालांनी पेला दोन्ही हातांनी उचलला.

"पश्चात्ताप झाला!" ते घरात शिरत म्हणाले. "माणूस मुळात वाईट नसतो. मी सूचनेत विज्ञान हा शब्द घातला, त्यानं काम केलं."

ते पेला ठेवतात तोच पुन्हा बेल वाजली. दारात कोणी नव्हते. मुरंब्याची रिकामी बाटली होती आणि तिच्यात तसलीच डहाळी.

"दोन तुकडे केलेत चोरानं," संग्रहपाल जरा थबकून म्हणाले. "वाटणी केली असणार."

साडेनऊला चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई स्वतः खाली आल्या. त्यांच्या हातात बादली होती.

"काका, तुमची आकृती बघितली आणि जीव कसा कळवळला हो. ही असलीच होती ना? हवी तेवढी ठेवा. माझ्या गॅलरीच्या कठड्यावर नुसती बोकाळलीय. मी दर आठवड्याला कापून फेकून देते."

"फेकून देता?" संग्रहपालांना खुर्ची लागली.

"मग काय करू? फुलं आली की मधमाश्या येतात. मी सूर लावला की त्याही लावतात."

दुपारी मीटर बघणारा आला. त्याचा आज या इमारतीत यायचा दिवस नव्हता. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली डहाळी काढली.

"साहेब, सगळीकडे बोभाटा झालाय की तुम्ही माझं नाव पहिलं लिहिलंय. हे घ्या आणि खोडून टाका."

"म्हणजे तू कबूल करतोस?"

"नाही ना! मी चोरली नाहीच. पण घ्या की. नोकरीचा प्रश्न आहे."

"चोरली नाहीस तर आणलीस कुठून?"

"पलीकडच्या धुलाईवाल्याच्या गच्चीवरनं. तिथलं मीटर गच्चीत आहे. तिथं ही ढिगानं आहे साहेब, पाय अडकतो."

संग्रहपालांनी प्रश्न विचारणार नाही असे लिहून दिले होते. दुपारनंतर त्यांना विचारायचे तर पुष्कळ होते, पण विचारायला वेळ मिळाला नाही. लोक येतच होते. कोणाला दया आली होती, कोणाला वाटत होते आपल्यावर आळ येईल त्याआधी देऊन मोकळे व्हावे. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ तर "माझ्याकडे मिळाली नाही, माफ करा," असे सांगायला आले. संध्याकाळपर्यंत अकरा डहाळ्या जमल्या. बायकोने कमरेवर हात ठेवले.

"जगातली एकमेव वेल ठेवायला घरात जागा उरलेली नाही. दोन मी शिवणयंत्रावर ठेवल्यात. उद्या गिऱ्हाईक ब्लाऊज न्यायला येणार आहे, त्याच्या आत काय तो निकाल लावा."

संग्रहपालांचा विश्वास एव्हाना ढळला होता असे मात्र कोणी समजू नये. एखादी गोष्ट समजेनाशी झाली की ते तिच्यावर चिठ्ठी लावत. त्यांनी अकरा चिठ्ठ्या कापल्या. नाव आणि जात या जागा मोकळ्या ठेवून त्यांनी तिसरी ओळ भरली, कुठे उगवते; आणि शाई वाळेपर्यंत चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. सासूबाई जपमाळ ओढावी तशा एकेक चिठ्ठी पुढे ओढून मोठ्याने वाचू लागल्या.

"चौथा मजला. गच्ची. पाण्याची टाकी. चौथा मजला. गच्ची. गच्ची. दिव्याच्या खांबाचं टोक... हा कोण चढला होता?"

"ते मी विचारलं नाही."

"तिसरा मजला. गच्ची. पाण्याची टाकी. गच्ची. जावईबापू, एक सांगू का? तुमचे चोर सगळे उंचावर राहतात."

"योगायोग आहे, आई."

"अकरापैकी एकही तळमजल्याचा नाही?"

"तळमजल्यावर आपण आहोत."

"तेच म्हणते मी. मग वरच्या लोकांकडे वेल आली कुठून? आभाळातून तर सोडली नसेल ना कुणी खाली?"

संग्रहपालांनी लेखणीचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. मग ते मागच्या अंगणात गेले.

इमारतीची मागची भिंत आयव्हीने झाकलेली होती. रोज सकाळी दात घासताना ते तिच्याकडे बघत आणि पाच कोपरे मोजून समाधानाने चूळ भरत. आता मात्र त्यांनी पाने सोडून खोड बघितले. मनगटाएवढे जाड एकच खोड जमिनीतून निघाले होते. त्याच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कोणती कुठे जाते हे नुसत्या डोळ्यांनी कळणे शक्य नव्हते. एवढ्यात अंधार पडला. नाहीतर त्यांनी ते काम त्याच वेळी हातात घेतले असते.

बुधवारीही त्यांनी रजा टाकली. सकाळी आठला त्यांनी सासूबाईंना अंगणात खुर्ची दिली आणि त्यांच्या हातात वेलीची एक फांदी दिली.

"आई, ही धरायची. काही झालं तरी सोडायची नाही."

"सोडत नाही. पण मधे मला चहा दे म्हणावं तिला."

सासूबाईंच्या हातातली फांदी जिथे खिडकीपाशी जात होती, तो पहिला मजला. तिथल्या नवराबायकोचे कशावरून तरी जोरात वाजले होते. पण दारात संग्रहपाल आणि मागे त्यांची बायको असे दिसताच दोघांनी भांडण तिथेच ठेवून खिडकी मोकळी करून दिली. संग्रहपालांच्या बायकोने बाहेर वाकून तीच फांदी पकडली. "धरली!" ती ओरडली. "धरली!" खालून सासूबाई ओरडल्या. "सोडू नका!" संग्रहपाल जिना चढता चढता ओरडले.

दुसऱ्या मजल्यावर घड्याळजी मोडक्या गजराच्या घड्याळाचे पोट उघडून बसले होते. क्रमांक दोनचा संशयित असल्याचे त्यांना कळलेले होते आणि ते मनापासून खूश होते. इतक्या वर्षांत त्यांच्यावर संशय घ्यावा असे कुणाला वाटले नव्हते.

"या या. झडती ना?"

"झडती नाही. ही फांदी धरा."

घड्याळजींनी एका हाताने फांदी धरली आणि सवयीने दुसऱ्या हाताने डोळ्याला भिंग लावले. "इथं पानाला तीनच कोपरे आहेत हो," ते म्हणाले. "खाली पाच होते ना?"

"किती?"

"तीन. मोजायचं काम माझं आहे, चूक व्हायची नाही."

संग्रहपालांनी तिसऱ्या मजल्यावर कोणाला धरायला लावले ते त्यांना नंतर आठवेना. ते चौथ्या मजल्यावर गाण्याच्या बाईंच्या गॅलरीत पोचले तेव्हा त्यांना स्वतःलाच दम लागला होता. कठड्यावर उन्हात पाने चकाकत होती. अखंड, अंडाकृती. फुलांचे चेंडू होते, मधमाश्या होत्या. त्यांनी त्या गर्दीतली एक डहाळी तळहातावर घेतली आणि खाली वाकून हाक दिली.

"आई! ओढा!"

सासूबाईंनी ओढले. ऐंशी वर्षांच्या हातात एवढा जोर असेल असे वेलीलाही वाटले नसावे. पहिल्या मजल्यावर बायको म्हणाली, "आली, आली!" दुसऱ्यावर घड्याळजी म्हणाले, "चाललीय!" आणि चौथ्या मजल्यावर संग्रहपालांच्या तळहातावरची बिनकोपऱ्यांची पाने थरथरली.

"पुन्हा ओढा!"

पुन्हा थरथरली.

थोड्या वेळाने घड्याळजी भिंगासकट वर आले. त्यांनी खालच्या फांदीचा कोवळा शेंडा सोबत आणला होता. संग्रहपालांनी दोन्ही कोवळे शेंडे त्यांच्यापुढे धरले. "यांच्या अंगावर बारीक केस असतात, चांदणीसारखे. आयव्हीची जात त्यावरून कळते. मला आत्ता नीट दिसत नाहीये. तुम्ही बघा."

घड्याळजींनी पाच मिनिटे बघितले. "दोन्हीकडच्या चांदण्यांना दाते सारखेच," त्यांनी निदान केले. "एकाच घड्याळाची चाकं आहेत साहेब."

गाण्याच्या बाईंनी पाणी आणून दिले. तेवढ्यात बायकोही वर आली. संग्रहपाल कठड्याशी बसले होते आणि वरच्या पानांकडून खालच्या पानांकडे आणि खालच्यांकडून वरच्यांकडे बघत होते. चित्राखाली जात, जातीखाली नाव. त्यातली जात आत्ताच त्यांच्या सासूबाईंनी अंगणातून ओढून काढली होती.

"कुणाला सांगायलाच हवंय का?" बायको हळूच म्हणाली. "उद्या ती बादली घेऊन जा. चित्र काढू दे. निवृत्त व्हा. मग कोण विचारतंय?"

संग्रहपाल उभे राहिले आणि त्यांनी सदरा नीट केला.

"माझा शोध खोटा ठरलेला आहे," त्यांनी जाहीर केले, आणि आवाजात वेल सापडली तेव्हा होता तितकाच ठामपणा होता. "आणि तो मी खोटा ठरवलेला आहे. माझ्याआधी कोणालाही ते जमलेलं नाही. नोंद घ्या."

"घेतली," घड्याळजी म्हणाले.

"अहो, मग कुंडीतली कुणी बदलली?" अंगणातून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी फांदी अजून सोडली नव्हती.

"मीच, आई! वर उन्हात पोचलेली वेल होती ती, मोठी झालेली. मी तिला बुडख्यापर्यंत छाटलं आणि अंधारात ठेवलं. ती परत लहान झाली. लहानपणीची पानं आली तिला."

सासूबाईंनी हातातल्या फांदीकडे एकदा निरखून पाहिले.

"म्हणजे छाटून अंधारात बसलं की माणूस..."

"आई, तू काही करून बघू नकोस हं!" बायको कठड्यावरून ओरडली.

गुरुवारी सकाळी संग्रहपाल कार्यालयात पोचले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मीटरवाल्याची बारा फुटी शिडी होती. रस्त्यात दोन चौकांत वाहने थांबली, एका फळवाल्याची छत्री पडली आणि एकाने त्यांना गच्चीवर पत्रा घालायला किती पडेल ते विचारले. संचालकबाई चित्रकाराबरोबर दारातच उभ्या होत्या.

"वेल कुठाय?"

"इथंच आहे मॅडम. तुमच्या पाठीमागे. जरा बाहेर या."

संग्रहालयाच्या मागच्या भिंतीवर आयव्ही होती. ती तिथे तेव्हापासून होती, जेव्हापासून भिंत होती. संग्रहपालांनी शिडी लावली आणि नोकरीत पहिल्यांदाच जमिनीपासून चार हात वर गेले. वरून त्यांनी बिनकोपऱ्यांची एक डहाळी तोडून बाईंच्या हातात टाकली. मग तिथूनच त्यांनी सगळे सांगितले: खाण, कुंडी, अकरा डहाळ्या, सासूबाईंनी दिलेला हिसका. चित्रकाराने दोन्ही पानांची चित्रे काढायला घेतली. बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"अहो, पण सात नंबरच्या कपाटात एकशेचाळीस कागद आहेत! त्यात एकावरही हे पान नसावं?"

"नाहीच आहे. आपल्या नियमावलीचं नववं कलम आठवा. कोणे एके काळी कुणी संकलक भिंतीवरून हौदात पडला, तेव्हापासून लिहून ठेवलंय: नमुना उभ्याने हात पोचेल तेवढ्याच उंचीवरून घ्यावा, कर्मचाऱ्याने कोठेही चढू नये. माझ्याआधीच्यांनी पाळलं, मी पाळलं. एकशेचाळीस कागद खोटं बोलत नव्हते मॅडम, फक्त त्यातला एकही सहा फुटांच्या वरचा नव्हता. खाणीवर मी वरच्या रस्त्यानं गेलो होतो, म्हणून वेलीचं डोकं हातात आलं. एरवी मला ते दिसलं नसतं आणि मी मेलो असतो तरी कळलं नसतं."

"म्हणजे तुम्ही शोध मागे घेताय."

"मी तो मोठा करतोय! आपल्या बारा कपाटांत जी जी चढणारी वेल आहे, तिचा आपण फक्त पायापुरता अभ्यास केलाय. तिला गुडघे आहेत, खांदे आहेत, डोकं आहे. इथून पुढं या संस्थेनं मान वर केली पाहिजे!"

बाईंनी हातातल्या सूचीच्या पानाच्या कच्च्या प्रतीकडे पाहिले. त्यांनी पेन्सिल काढली आणि तिथल्या नव्या जातीवर सरळ रेघ मारली. 'कुठे उगवते' यापुढचा दगडखाणीचा मजकूर खोडून तिथे लिहिले: 'सर्वत्र.' मग चौथ्या ओळीशी त्या थांबल्या. 'कोणी शोधली' या शब्दांवर काट मारून त्यांनी वर 'कोणी नीट पाहिली' असे लिहिले, त्यापुढे संग्रहपालांचे पूर्ण नाव घातले आणि कागद वर धरून दाखवला. शिडीवरून अक्षर लहान दिसत होते. संग्रहपालांनी ते दोनदा वाचले. एकदा स्वतःसाठी, एकदा शुद्धलेखन तपासायला.

"विज्ञानाच्या इतिहासात," त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "असे क्षण फार थोडे येतात, जेव्हा एखादा माणूस..."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "आता उतरलात की ती शिडी तेवढी तशीच माझ्या खोलीत घेऊन या. दोन महिने झाले, ट्यूब गेलीय, आणि इथं चढायची कुणाला परवानगीच नाहीये."